व्रणावरचे केस आणि भावाची घाई

आलेलं पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, मी २९ वर्षांची आहे. चार वर्षांची असताना डोक्यावर उकळतं पाणी सांडलं. डाव्या कानाच्या वर, काडेपेटीहून थोडा मोठा डाग अजून तसाच आहे, गुळगुळीत, एकही केस नसलेला. शाळेपासून भांग उजवीकडे पाडून, क्लिप लावून मी तो झाकत आले. वारा सुटला की हात आपोआप तिथे जातो. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. त्याचे पुढचे केस वडिलांसारखेच मागे सरकायला लागलेत. त्याने एका खासगी सेंटरमध्ये हेअर ट्रान्सप्लांट ठरवलाय. ४५०० ग्राफ्ट, म्हणजे मुळांसकट काढून लावायचे केसांचे गुच्छ, लागतील म्हणाले. अ‍ॅडव्हान्स भरून झालाय, तारीख पुढच्या महिन्यातली आहे. मी सोबत गेले होते तर तिथल्या बाई म्हणाल्या, तुमचंही करून टाकू, दोघांचं मिळून सवलत देऊ. माझ्याकडे तेवढे पैसे नाहीत. सरकारी दवाखान्यात हे होतं का? की तिथे गेले तर म्हणतील, इथे आजारी माणसं येतात, ही हौस बाहेर भागवा? मला विचारायचीच लाज वाटते."

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला एकेरीच लिहिते.

तुझ्या पत्रातलं वाऱ्याचं वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. त्वचाविभागात इतकी वर्षं काढल्यावर तो हात मला ओळखीचा झालाय. नाव पुकारलं की बाकावरून एखादी बाई उठते, दारापर्यंत येते, आतल्या पंख्याचा झोत अंगावर येतो आणि तिचा एक हात कानाच्या वर जातो. केस पेपर दुसऱ्या हातात. कुणी न सांगता मला कळायचं की आज काय बघायचंय. पंचवीस वर्षं एक हात असा पहाऱ्यावर ठेवून जगणाऱ्या मुलीने उपचाराची चौकशी केली तर त्याला हौस म्हणत नाहीत.

म्हणून पहिलं उत्तर आधीच देऊन टाकते. हो, जा आणि विचार. मान वर करून विचार. आणि तू ज्याला हौस समजतेस त्या शस्त्रक्रियेचा जन्म कशातून झाला तेही ऐक. जपानमधल्या शोजी ओकुदा नावाच्या डॉक्टरांनी १९३९ साली एक पद्धत मांडली. केस असलेल्या जागेतून बारीक गोल तुकडे काढायचे आणि व्रणामुळे उजाड झालेल्या जागी बसवायचे. डोकं, भुवया, मिशा अशा जागांसाठी त्यांनी ती वापरली. मग महायुद्ध आलं आणि जपानीत छापलेलं ते काम बाहेरच्या जगाला बरीच वर्षं कळलंच नाही. पुढे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेन्ट्राइक यांनी १९५०च्या दशकात पुरुषांच्या टकलावर हेच केलं, १९५९ साली ते प्रसिद्ध केलं, आणि त्यानंतर जाहिरातींचं जग सुरू झालं. म्हणजे व्रण असलेली माणसं या उपचाराकडे आधी आली आणि टक्कल पडलेली नंतर. तुझा हक्क तुझ्या भावापेक्षा जुना आहे.

आता सरकारी की खासगी. या प्रश्नाला तुम्हा दोघांसाठी एकच उत्तर नाही. घर एक, शस्त्रक्रियेचं नाव एक, पण केस जाण्याचं कारण वेगळं, आणि सगळा निकाल कारणावर लागतो. आनुवंशिक टक्कल हे बहुतेक देशांत सौंदर्योपचारात धरलं जातं. सार्वजनिक आरोग्यव्यवस्था त्यासाठी केशरोपण करून देत नाही आणि आरोग्यविमाही सहसा त्याचा खर्च उचलत नाही. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा तर हे लोकांना सरळ शब्दांत सांगते. पण भाजणं, अपघात, गाठ काढताना गेलेली त्वचा किंवा जन्मतःच असलेला दोष यांमुळे केस गेले असतील तर तो विषय 'पुनर्रचना' या खात्यात जातो, आणि तिथे सार्वजनिक रुग्णालयांचा प्लास्टिक सर्जरी विभाग रोज काम करत असतो. मंजुरी मिळेलच असं मी लिहून देऊ शकत नाही. काही ठिकाणी प्रत्येक रुग्णाचा वेगळा अर्ज जातो, काही ठिकाणी विभागप्रमुखच ठरवतात, आणि वाट सगळीकडेच पाहावी लागते, कारण ताज्या जखमा, कॅन्सर, अपघात यांचा नंबर आधी लागतो आणि तो लागायलाच हवा. पण ते दार ठोठावण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे.

ठोठावायचं कसं, यावर बरंच अवलंबून असतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

खिडकीवर "हेअर ट्रान्सप्लांट करायचाय" असं म्हणू नकोस. तसं म्हटलंस की समोरचा माणूस ऐकून घेण्याआधीच मान हलवतो, आणि त्याचा फारसा दोषही नसतो, कारण त्या नावाने येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना त्याला नाहीच म्हणायचं असतं. तू म्हण, "लहानपणी भाजल्यामुळे डोक्यावर व्रण आहे, तिथे केस नाहीत, त्यावर काही उपाय होईल का हे प्लास्टिक सर्जनना दाखवायचंय." यात एक शब्दही वाढवून सांगितलेला नाही. आहे तेच, योग्य नावाने. शक्य असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखव आणि त्यांच्याकडून चिठ्ठी घे. चिठ्ठीत चार गोष्टी असाव्यात: कधी भाजलं, व्रण कुठे आणि किती सेंटीमीटरचा आहे, आजवर काय उपचार झाले, आणि रोजच्या जगण्यावर त्याचा काय परिणाम होतो. शेवटची गोष्ट बहुतेक जण संकोचाने गाळतात. तू गाळू नकोस. पोहायला जात नाहीस, केस कापायला परक्या माणसासमोर बसत नाहीस, फोटोत एकाच बाजूला उभी राहतेस, जे काही असेल ते लिहू दे. व्रणाचा उपचार करायचा की नाही हे ठरवताना तो माणसाला किती अडवतो हे विचारात घेतलं जातं. लहानपणीचे कागद घरात कुठे सापडले तर सोबत घे, नाही सापडले तर अडून बसू नकोस. भाजल्याचा व्रण डॉक्टरांना बघून कळतो.

आणि एक गोष्ट आज, आत्ता आरशात बघ. त्या डागावर कुठे भेग, खपली, पुन्हा पुन्हा उघडणारी किंवा कित्येक आठवडे न भरणारी जखम आहे का? असेल तर केसांचा विचार बाजूला ठेव आणि लगेच दाखवायला जा. भाजल्याच्या जुन्या व्रणात क्वचित, अनेक वर्षांनी, त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. तू डाग गुळगुळीत आहे लिहिलंयस, म्हणजे तसं काही नसावं. तरी एकदा नीट बघून घे.

आता तिथे गेल्यावर तुला कदाचित आश्चर्य वाटेल, कारण सर्जन केशरोपणाचं नाव पहिलं काढणार नाहीत. आधी ते बोटांनी व्रण चाचपतील. खालच्या हाडाला चिकटलाय की हलतोय, पातळ आहे की जाड, दाबला की पांढरा पडून पुन्हा रंग किती लवकर भरतो, भोवतालची कातडी किती सैल आहे. तुझ्यासारख्या मर्यादित आकाराच्या डागासाठी त्यांच्याकडे आणखी दोन वाटा असतात. एक म्हणजे व्रणच कापून काढायचा आणि दोन्ही कडा शिवून टाकायच्या, एका खेपेत नाही जमलं तर दोन-तीन खेपांत. दुसरी वाट ऐकायला विचित्र आहे पण अतिशय चांगली आहे. व्रणाशेजारच्या केस असलेल्या कातडीखाली सिलिकॉनची रिकामी पिशवी बसवतात आणि दर आठवड्याला सुईने तिच्यात थोडं थोडं सलाइन भरत जातात. दोन-तीन महिन्यांत वरची कातडी ताणून वाढते. मग पिशवी काढायची, व्रण काढायचा आणि ती वाढलेली, केसांसकट कातडी त्या जागेवर ओढून शिवायची. केसांची मुळं नव्याने बनवता येत नाहीत, पण असलेली केसाळ कातडी अशी पुरवता येते. ते दोन-तीन महिने मात्र कठीण जातात. डोक्याला एका बाजूला फुगवटा येतो, रुमाल बांधून वावरावं लागतं, संसर्गाची भीती असते. इतकी वर्षं लपवत आलेल्या माणसाला शेवटी आधीपेक्षा जास्त दिसेल असं काही डोक्यावर घेऊन फिरावं लागतं. हे आधी माहीत असलेलं बरं, म्हणून सांगितलं.

तिसरी वाट केशरोपणाची. व्रणावर ते होतं, पण साध्या टाळूवर होतं तसं नाही. व्रणाच्या कातडीत रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे लावलेली मुळं कमी जगतात आणि दाटही लावता येत नाहीत. जाणते सर्जन आधी थोडे, पन्नास-शंभर ग्राफ्ट लावून बघतात, काही महिने थांबतात, किती उगवले ते मोजतात आणि मगच पुढचं ठरवतात. हिशेब फार मोठा नाही. तुझा डाग सहा बाय चार सेंटीमीटर धरला तर २४ चौरस सेंटीमीटर झाले. एका चौरस सेंटीमीटरला २५ ग्राफ्ट धरले तर ६०० ग्राफ्ट, बहुधा दोन खेपांत. निरोगी टाळूवर एका चौरस सेंटीमीटरला साधारण ६५ ते ८५ गुच्छ असतात, म्हणजे दाटी मूळची येणार नाही. पण वरून आलेले लांब केस आणि खालून उगवलेले हे, मिळून क्लिपची गरज उरू नये एवढं साधू शकतं.

हे तीनही पर्याय समोर ठेवणारा माणूस तुला हवाय. ज्या बाईंनी तुला बघताक्षणी "करून टाकू" म्हटलं, त्यांनी व्रणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं, हो ना? तसं असेल तर त्या सवलतीचा मोह सोड. पैसे हातात असते तरी मी हेच लिहिलं असतं.

आता तुझ्या भावाबद्दल. तू त्याच्याविषयी काही विचारलं नाहीस, त्याचं ठरलंय असं धरून चाललीस. पण तुझं पत्र वाचताना मला जास्त काळजी त्याचीच वाटली.

कारण ४५०० हा आकडा. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस आनुवंशिक टकलात सहसा जात नाहीत, आणि तिथून काढून पुढे लावले तरी ते आपला मूळ स्वभाव टिकवतात. ऑरेन्ट्राइक यांनी दाखवलं ते हेच. सगळं केशरोपण या एका गोष्टीवर उभं आहे. पण तो पट्टा म्हणजे आटत जाणारी ठेव आहे. तिथून काढलेलं मूळ तिथे पुन्हा येत नाही. मागचं डोकं विरळ, कुरतडल्यासारखं दिसू नये इतपत काढायचं म्हटलं तर बऱ्याच पुरुषांना आयुष्यभरात मिळून साधारण ५००० ते ७००० ग्राफ्ट मिळतात, कुणाला त्याहूनही कमी. दुसऱ्या कुणाचे केस घेता येत नाहीत, भावाबहिणीचेही नाहीत. शरीर ते नाकारतं. म्हणजे चोविसाव्या वर्षी, एका दिवसात, तो आपली बहुतेक ठेव कपाळाच्या रेषेवर खर्च करायला निघालाय.

आणि टक्कल तर अजून सुरूच झालंय. पुरुषांच्या टकलाच्या पायऱ्या हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकांनी १९५१ मध्ये मांडल्या, नॉरवुड या डॉक्टरांनी १९७५ मध्ये त्या सुधारल्या, आणि आजही बहुतेक डॉक्टर त्याच सात पायऱ्यांच्या भाषेत बोलतात. चोविसाव्या वर्षी तिसऱ्या पायरीवर असलेला मुलगा चाळिशीत चौथ्यावर थांबेल की सातव्यावर जाईल हे कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. लावलेले केस राहतील, त्यांच्या मागचे स्वतःचे केस मात्र जात राहतील. माझ्याकडे एकदा पस्तिशीचा एक रुग्ण आला होता. तेविसाव्या वर्षी त्याने बाहेर कुठेतरी पुढची रेषा भरून घेतली होती, छान खाली, कोवळ्या मुलाची असते तशी. बारा वर्षांनी कपाळावर ती दाट पट्टी तशीच होती आणि तिच्या मागे तळहाताएवढी मोकळी जागा. मागून काढायला फारसं उरलं नव्हतं. "ही पट्टी काढून टाकता येईल का?" असं विचारायला तो आला होता. तो टोपी काढायला किती वेळ थांबला होता ते मला अजून आठवतं.

मी शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. योग्य वेळी, योग्य माणसावर झालेलं केशरोपण मी पाहिलंय आणि त्याने माणसाची चाल बदललेली पाहिलीय. पण तुझ्या भावाच्या बाबतीत आधीच्या दोन पायऱ्या वगळल्या गेल्यात.

पहिली, निदान. वडिलांना टक्कल आहे म्हणून त्याचंही तेच, हा बहुधा बरोबर अंदाज आहे, पण अंदाजच. मोठा ताप, ऑपरेशन किंवा वजन झपाट्याने घटणं यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात आणि पुढच्या काही महिन्यांत परत येतात. थायरॉइड, लोहाची कमतरता यांनीही गळतात. चाई पडली असेल तर तो वेगळाच आजार, त्यात लावलेले केसही जाऊ शकतात. टाळूला खाज, आग, लाली असेल आणि केसांची मुळं व्रण होऊन बुजत असतील, तर आजार शांत होईपर्यंत कुणीही तिथे ग्राफ्ट लावू नये. यातलं बरंचसं डर्मोस्कोप नावाच्या भिंगाने दहा मिनिटांत दिसतं, काही रक्ताच्या तपासण्यांतून, आणि क्वचित कातडीचा छोटा तुकडा तपासून.

आणि सरकारी दवाखाना तुझ्या भावाला उपयोगी पडतो तो इथे. तिथे त्याला केशरोपण मिळणार नाही, पण त्वचाविभागात निदान मिळेल, तपासण्या होतील, औषध लिहून मिळेल. आणि समोर असा डॉक्टर बसलेला असेल ज्याला काहीही विकायचं नाही. खासगीत मिळालेला सल्ला अशा माणसाकडून एकदा तपासून घेणं, हे मला सार्वजनिक व्यवस्थेचं मोठं देणं वाटतं. रांगेत एक दिवस जाईल. जाऊ दे.

दुसरी पायरी, औषध. मिनॉक्सिडिल टाळूला लावायचं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती उलट वाढल्यासारखी वाटते, तिथेच बरेच लोक घाबरून सोडतात. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात. फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी १९९७ पासून पुरुषांच्या टकलासाठी वापरात आहे. टाळूवरची मुळं बारीक करणारं जे संप्रेरक, त्याचं प्रमाण ती बरंच खाली आणते. ही गोळी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घ्यायची नाही. काही पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होते, काहींचं मन खिन्न होतं, आणि असं काही जाणवलं तर अंगावर न काढता लगेच सांगायचं, विशेषतः आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर. घरात तू आहेस म्हणून हेही लिहिते: गरोदर असलेल्या किंवा गरोदर राहू शकणाऱ्या बाईने या गोळीचे तुटलेले तुकडे, चुरा हाताळू नये. पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. दोन्ही औषधं बंद केली की टिकलेले केस पुन्हा जायला लागतात, म्हणजे ही काही महिन्यांची गोष्ट नाही. पण एक वर्ष नीट औषध घेतलं की दोन गोष्टी कळतील, गळती थांबतेय का आणि नमुना कुठे चाललाय. शस्त्रक्रियेनंतरही उरलेले केस टिकवायला हेच औषध लागतं. मग ते आधी का घेऊ नये?

त्याला पुढच्या महिन्यातली तारीख रद्द करायला लाव असं मी म्हणत नाही. चोवीस वर्षांच्या मुलाला तसं म्हटलं की तो आणखी हट्टाला पेटतो. तू त्याला एवढंच म्हण की तारखेच्या आधी एकदा त्या सेंटरमध्ये जाऊ आणि काही गोष्टी विचारू. त्याला आतापर्यंत तपासलं कुणी, डॉक्टरांनी की काउन्सेलरने? छेद कोण देणार, मुळं कोण काढणार, त्या दिवशी डॉक्टर पूर्ण वेळ खोलीत असतील का, आणि त्या दिवशी आणखी किती जणांचं आहे? बऱ्याच ठिकाणी भिंतीवर नाव एका डॉक्टरांचं असतं आणि हत्यार दुसऱ्याच कुणाच्या हातात. हे इतकं पसरलंय की केशरोपण सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला त्याविरुद्ध मोहीम उघडावी लागली. भुलीचं औषध किती देणार, हे वजनावर ठरतं. मोठ्या शस्त्रक्रियेत तासागणिक ते पुन्हा पुन्हा टोचलं जातं, आणि मर्यादा ओलांडली तर झटके येऊ शकतात, हृदयावर येऊ शकतं. म्हणून ऑक्सिजन आणि तातडीची औषधं त्याच खोलीत आहेत का, ती वापरता येणारा माणूस हजर आहे का, हे विचारायलाच हवं. ग्राफ्ट म्हणजे नक्की काय मोजताय, गुच्छ की केस? एका गुच्छात एक ते चार केस असतात, त्यामुळे आकडा फुगवणं सोपं असतं. मागच्या पट्ट्यात दर चौरस सेंटीमीटरला किती गुच्छ आहेत ते मोजलंय का? न मोजता ४५०० सांगितले असतील तर तो आकडा कुठून आला? आणि अ‍ॅडव्हान्स परत मिळण्याची अट पावतीवर लिहिलीय का?

या प्रश्नांवर जो डॉक्टर शांतपणे बसून उत्तरं देतो, "तुझं वय लहान आहे, वर्षभर औषध घे, मग बघू" असं म्हणतो, तो खासगीत असला तरी त्याच्याकडेच परत जावं. असे डॉक्टर आहेत, आणि ते गिऱ्हाईक परत पाठवतात म्हणूनच ओळखू येतात. "आजच भरलं तर सवलत", "हवे तेवढे ग्राफ्ट", "अजिबात डाग नाही" हे ऐकू आलं तर उठावं. मागून पट्टी कापून काढली तर रेषेसारखा व्रण राहतो. एकेक मूळ वेगळं काढलं तर एक मिलिमीटरच्या आतबाहेरचे पांढरे ठिपके राहतात, केस अगदी बारीक कापले की दिसतात. कातडीला छेद दिला की खूण राहते. ती झाकली जाते एवढंच.

उद्या तुम्हा दोघांपैकी कुणाचंही केशरोपण झालंच, तर घरच्यांना आधी सांगून ठेव. पहिल्या आठवड्यात कपाळ आणि डोळे सुजतात, खपल्या दहा दिवसांत पडतात, आणि मग दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान लावलेले केसच गळतात. उशीवर ते बघून माणूस हादरतो. पण गळतो तो केस, मूळ आत असतं आणि विश्रांती घेत असतं. कोंब फुटायला तीन-चार महिने, खरं रूप दिसायला वर्ष. ही मुळं किती नाजूक असतात ते मी भिंगाखाली पाहिलंय. टाचणीच्या टोकावर मावेल एवढं, खाली पांढरट फुगीर, वर एक-दोन केस. थंड सलाइनमध्ये भिजलेल्या कापडावर दहा-दहाच्या ओळीत मांडून ठेवतात. ओळीतलं एखादं हातमोज्यावर काही मिनिटं विसरून राहिलं तर सुकून मरतं. हजारो मुळं, आठ तास, दमलेले हात. म्हणून मी कोण करणार हे इतकं विचारायला सांगते.

तू तुझ्या भेटीची तारीख घे. जाताना डोक्याला तेल लावू नकोस, केस धुऊन जा, क्लिप पर्समध्ये ठेव. व्रणाचा चांगल्या उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून एक फोटो काढून ठेव. पुढे तुलना करायला लागेल. डॉक्टर चाचपायला लागले की सवयीने हात वर जाईल, तो मांडीवर धरून ठेव. आणि भावाला सोबत ने. प्लास्टिक सर्जरीच्या खिडकीवर तुझा नंबर येईपर्यंत वेळ असतोच, तेवढ्यात त्वचाविभागात त्याचाही केस पेपर काढून घ्या.

तुझी,
ताई